गुणसूत्रांची बिनचूक वाटणी

माणसाच्या शरीराचा आरंभ एका फलित पेशीपासून होतो. एकीच्या दोन, दोहोंच्या चार असे करीत अब्जावधी पेशींचे शरीर घडते. प्रौढपणीही हे कार्य थांबत नाही. त्वचा, आतड्याचे अस्तर व रक्त यांतील जुन्या पेशींची जागा नव्या पेशी सतत घेत असतात. अशा प्रत्येक विभाजनात आनुवंशिक माहितीचा पूर्ण संच दोन्ही कन्यापेशींना मिळावा लागतो. माणसात हा संच ४६ गुणसूत्रांचा असतो. पूर्वी ही संख्या ४८ मानली जात असे. त्जियो व लेव्हान या शास्त्रज्ञांनी १९५६ साली ती ४६ असल्याचे दाखवून दिले. या ४६ पैकी एकही गुणसूत्र भलत्या बाजूला जाऊ नये, यासाठी पेशी कोणती दक्षता घेते, ते आपण पाहू.

जोडी आणि कडी

विभाजनापूर्वी प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब प्रत तयार होते. मूळ सूत्र आणि त्याची प्रत यांना अर्धगुणसूत्रे म्हणतात. ती लगेच विलग होत नाहीत. कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्या त्यांना एकत्र धरून ठेवतात. त्यानंतर पेशीच्या दोन ध्रुवांकडून सूक्ष्म नलिकांचे धागे निघतात. ही रचना सूत कातण्याच्या चातीसारखी दिसते, म्हणून तिला तर्कू हे नाव मिळाले आहे. प्रत्येक अर्धगुणसूत्रावर हे धागे पकडण्यासाठी प्रथिनांची एक बैठक असते. जोडीतील एकाने एका ध्रुवाकडील व दुसऱ्याने समोरच्या ध्रुवाकडील धागे पकडले, तरच वाटणी समान होते.

ताण हीच कसोटी

धागे गुणसूत्रांपर्यंत चाचपडतच पोहोचतात. त्यामुळे आरंभी काही जोडण्या चुकणे स्वाभाविक आहे. कधी दोन्ही अर्धगुणसूत्रे एकाच ध्रुवाशी बांधली जातात. ही चूक पेशीला कळते ती ताणावरून. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंनी ओढ असली की दोर ताठ होतो. त्याचप्रमाणे योग्य जोडणीत अर्धगुणसूत्रांवर ताण निर्माण होतो. ताण नसेल, तर अरोरा-बी नावाचे विकर ती जोडणी सैल करते, धागा सुटतो आणि नव्याने प्रयत्न होतो.

ताणाचे हे महत्त्व अमेरिकन शास्त्रज्ञ ब्रूस निकलस यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९६९ साली प्रयोगाने दाखविले. नाकतोड्याच्या वृषणातील पेशीत चुकीच्या रीतीने जोडलेली गुणसूत्रे त्यांनी काचेच्या अतिसूक्ष्म सुईने ओढून धरली. एरवी लवकरच सुटणारी ती चुकीची जोडणी, कृत्रिम ताण मिळताच टिकून राहिली.

शेवटच्या गुणसूत्रासाठी प्रतीक्षा

सर्व गुणसूत्रे एकाच वेळी जोडली जात नाहीत. मग मागे राहिलेल्याचे काय? ज्या बैठकीला धागा मिळालेला नाही, ती 'थांबा' असा रासायनिक संदेश देत राहते. या व्यवस्थेची जनुके १९९१ साली पाव फुगविणाऱ्या किण्वात सापडली. १९९५ साली रीडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सस्तन प्राण्याच्या पेशीतील शेवटची न जोडलेली बैठक लेसर किरणांनी नष्ट केली. तेव्हा थांबलेली पेशी गुणसूत्रे वेगळी करू लागली. म्हणजे एकच बैठक सबंध पेशीला रोखून धरते. शेवटची जोडणी पुरी झाली की संदेश थांबतो, सेपरेज नावाचे विकर कोहेसिनच्या कड्या कापते आणि अर्धगुणसूत्रे आपापल्या ध्रुवाकडे सरकतात.

आपल्या अंगणातील सदाफुलीचा या विषयाशी निकटचा संबंध आहे. तिच्यापासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन हे द्रव्य तर्कूचे धागे तयार होऊ देत नाही. त्यामुळे भराभर वाढणाऱ्या कर्कपेशी विभाजनाच्या मध्यावर अडकतात व त्यांतील अनेक मरतात. बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावर हे औषध वापरतात. मात्र सदाफुलीचा घरगुती काढा हा त्यास पर्याय नव्हे. ही द्रव्ये विषारी असून त्यांची मात्रा तज्ज्ञांनीच ठरवावयाची असते.

चूक घडते तेव्हा

इतकी दक्षता असूनही क्वचित चूक होते. ज्यॉं लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली दाखविले की, डाऊन लक्षणसमूह असलेल्या मुलांच्या पेशींत एकविसाव्या क्रमांकाचे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते. बहुतेक वेळा ही चूक स्त्रीबीज तयार होताना घडते. स्त्रीची बीजे ती स्वतः आईच्या उदरात असतानाच विभाजनास आरंभ करतात आणि पुढे अनेक वर्षे मध्येच थांबून राहतात. या दीर्घ काळात कोहेसिनच्या कड्या दुबळ्या होत जातात. शिवाय स्त्रीबीजातील 'थांबा' संदेशही इतर पेशींतल्याइतका कडक नसतो. म्हणून वयाच्या विशीत सुमारे दीड हजार जन्मांत एक असणारे हे प्रमाण चाळिशीत सुमारे शंभरांत एक होते.

असे मूल जन्मले की अनेक घरांत दोष मातेच्या माथी मारला जातो. ग्रहणात काही चिरले, अमुक खाल्ले, असे बोल तिला ऐकावे लागतात. या समजुतींना कोणताही आधार नाही. एका सूक्ष्म पेशीत, कोणाच्याही हेतूविना, एक गुणसूत्र भलतीकडे गेलेले असते. उशिरा मातृत्व येणार असेल तर गरोदरपणी वेळीच वैद्यकीय सल्ला घ्यावा, हे हिताचे. आणि मूल जन्मल्यावर त्याच्या हृदयाची, श्रवणाची व दृष्टीची तपासणी, लवकर सुरू केलेले शिक्षण आणि कुटुंबाची माया यांची त्याला व त्याच्या मातेला खरी गरज असते.