दाढ काढण्यापूर्वी विचारा
वाचन: गणना 31:21-24

एलाजार याजकाने सांगितले की लोखंड, तांबे अशी जी वस्तू विस्तवात टिकते ती विस्तवातून काढावी. जी टिकत नाही ती पाण्यातून. हा नियम विधीच्या शुद्धतेचा आहे, जंतूंचा नव्हे. ओढूनताणून तो दवाखान्याला लावू नये. तरी धातू नुसता धुऊन भागत नाही, हे त्यावरून ध्यानात राहते.

पाड्यावरचा माणूस गाल सुजेपर्यंत थांबतो आणि मग आठवडी बाजारात दात काढणाऱ्यापुढे बसतो. तिथे एकच पकड बादलीत बुचकळून पुढच्याच्या तोंडात जाते. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू शरीराबाहेर निदान 7 दिवस टिकतो, आणि लागण झालेल्याला पुष्कळदा वर्षानुवर्षे काही जाणवतही नाही. नुसते उकळणेही पुरत नाही. ऑटोक्लेव्ह यंत्रात दाबाखालच्या वाफेने 121 अंश सेल्सिअसला किमान 15 मिनिटे हत्यारे तापवावी लागतात. ती पाकिटात बंद असतात. पाकिटावरच्या खुणेचा रंग वाफेने बदलतो. ते पाकीट रुग्णासमोर फोडले जावे, सुईही नवी असावी.

सेवकांनो, रुग्ण विचारणार नाही, तुम्हीच विचारा. मी पहिल्यांदा विचारले तेव्हा जीभ अडखळली होती. डॉक्टर रागावले नाहीत, उठून यंत्र दाखवले. दंत परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्रही भिंतीवर पाहून घ्या.

आणि रुग्णाला कावीळ झालेली असेल तर तेही आधी सांगा. परत पाठवतील या भीतीने आपले लोक ते लपवतात.