जलतरण तलावाचे पाणी काटकसरीने कसे तापवावे?

गंगाकाठच्या वाराणसीत पोहणे ही कला मुले पिढ्यान्‌पिढ्या घाटाच्या पायऱ्यांवरच शिकत आली आहेत. परंतु नदीचा प्रवाह हा सुरक्षित शिक्षक नव्हे. नवशिक्यासाठी स्थिर व उथळ पाण्याचा तलावच योग्य होय. अडचण अशी की, उत्तर भारतातील उघडे तलाव थंडी पडताच बहुधा बंद होतात, आणि शिकण्याचे कित्येक महिने वाया जातात. जानेवारीत वाराणसीचे रात्रीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास, कधी त्याहूनही खाली उतरते. पाणी तापविल्यास हा काळ वाचेल काय, आणि तो खर्च शाळेस पेलेल काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

१. पाणी तापविण्यास किती उष्णता लागते?

१ लिटर पाण्याचे तापमान १ अंशाने वाढविण्यास १ किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या १ युनिटापासून ८६० किलोकॅलरी मिळतात. उदाहरणादाखल २५ मीटर लांब, १० मीटर रुंद व सरासरी १.४ मीटर खोल असा तलाव घेऊ. त्यात ३५० घनमीटर, म्हणजे साडेतीन लक्ष लिटर पाणी मावते. ते १ अंशाने तापविण्यास साडेतीन लक्ष किलोकॅलरी, अर्थात सुमारे ४०७ युनिटे खर्ची पडतील. पाणी १८ अंशांवरून २६ अंशांवर न्यावयाचे झाल्यास ८ अंशांसाठी सुमारे ३,२५६ युनिटे लागतील.

हा आकडा मोठा खरा. पण हा खर्च हंगामाच्या प्रारंभी एकदाच करावा लागतो. खरी गळती वेगळीच असून ती रोजची असते.

२. उष्णता जाते कोठे?

घरातील बंबावर झाकण न ठेवता पाणी तापविणारी गृहिणी विरळाच आढळेल. तलाव म्हणजे मात्र झाकण नसलेला बंबच होय. त्याच्या पाण्यातील उष्णता चार वाटांनी निघून जाते : बाष्पीभवनाने, वाऱ्याच्या स्पर्शाने, रात्री निरभ्र आकाशाकडे होणाऱ्या उत्सर्जनाने आणि अगदी थोड्या प्रमाणात तळ व भिंती यांतून. उघड्या तलावाच्या एकूण हानीपैकी सुमारे सात दशांश हानी एकट्या बाष्पीभवनाने होते.

याचे कारण समजण्यास उन्हाळ्यातील माठ आठवावा. माठातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते व ती आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून ते गार होते. माघस्नान करून घाटावर आलेल्या मनुष्यास पश्चिमेकडील वारा, ज्यास तेथील लोक पछुवा म्हणतात, कापरे भरवितो, तेही याच कारणाने. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८३ किलोकॅलरी उष्णता खर्च होते. म्हणजे उडून गेलेला एक लिटर उरलेल्या ५८३ लिटरांना १ अंशाने गार करून जातो!

आपल्या उदाहरणातील तलावाचा पृष्ठभाग २५० चौरस मीटर आहे. एका दिवसात केवळ ४ मिलिमीटर पाणी उडाले असे मानले, तरी १,००० लिटर पाण्याची वाफ झाली. तिच्याबरोबर ५,८३,००० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ६७८ युनिटांइतकी उष्णता गेली. एवढ्यानेच तलाव दीड अंशाहून अधिक गार होईल.

३. पहिला तापक म्हणजे आच्छादन

यावरून हे उघड होते की, तापक विकत घेण्यापूर्वी आच्छादन घ्यावे. बुडबुडे असलेल्या प्लॅस्टिकचे तरंगते आच्छादन पोहणे संपताच पाण्यावर पसरावे. त्यामुळे तापविण्याच्या खर्चात निम्म्याहून अधिक बचत होऊ शकते. आच्छादन पारदर्शक असल्यास दिवसा सूर्यप्रकाशही आत शिरतो. तलाव हा स्वतःच एक मोठा सौर तापक आहे, हे विसरू नये. म्हणून त्यावर झाडांची अथवा इमारतीची सावली पडू देऊ नये. पश्चिमेच्या बाजूस भिंत किंवा दाट कुंपण घातल्यास वाऱ्याने होणारे बाष्पीभवनही घटते.

४. तापकाची निवड

वरील ६७८ युनिटांइतकी उष्णता निरनिराळ्या साधनांनी भरून काढावयाची असल्यास हिशेब पुढीलप्रमाणे होतो :

(अ) विजेच्या तारेचा तापक : ६७८ युनिटे. यंत्र स्वस्त, पण चालविणे सर्वांत महाग.

(आ) उष्णता-पंप : हे यंत्र उष्णता निर्माण करीत नाही, हवेतील उष्णता उचलून पाण्यात सोडते. एका युनिटास चारपट उष्णता मिळते असे धरल्यास सुमारे १७० युनिटे पुरतात. हवा जितकी थंड तितके याचे काम कमी होते. यास्तव हे यंत्र पहाटे न चालविता दुपारी चालवावे.

(इ) गॅसचा तापक : १ किलोग्रॅम गॅसपासून ११,००० किलोकॅलरी मिळतात व त्यांतील ८५ टक्के पाण्यास पोहोचतात असे मानल्यास सुमारे ६२ किलोग्रॅम गॅस लागेल, म्हणजे १९ किलोग्रॅमची तीन सिलिंडरे भरून वर काही. पाणी त्वरेने तापवावयाचे असेल तेव्हाच हा उपयोगी.

(ई) सौर तापक : इंधन फुकट, परंतु जागा मोठी हवी. तलावाच्या निम्म्या क्षेत्रफळाचे, म्हणजे १२५ चौरस मीटरांचे पट्ट छतावर बसविले, प्रत्येक चौरस मीटरवर दिवसास ५ युनिटांइतके ऊन पडले व त्यातील निम्मे उपयोगी आले, तर सुमारे ३१२ युनिटांइतकी उष्णता मिळेल. आच्छादनाने बाष्पीभवनाची हानी निम्मी केल्यावर उरलेली ३३९ युनिटांची तूट जवळजवळ भरून निघाली!

५. सूर्याकडे तोंड कसे करावे?

वाराणसीचे घाट पूर्वाभिमुख आहेत व तेथे उगवत्या सूर्यास अर्घ्य दिले जाते. तापकास मात्र दिवसभराचे ऊन हवे असल्याने त्याचे तोंड दक्षिणेस असावे. त्याच्या उताराचा धडा दशाश्वमेध घाटाजवळील मानमंदिरात पाहावयास मिळतो. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात तेथे उभारलेल्या वेधशाळेतील सम्राट यंत्राची तिरपी भिंत पृथ्वीच्या अक्षास समांतर आहे. तिचा कोन वाराणसीच्या अक्षांशाएवढा, म्हणजे सुमारे २५ अंश आहे. वर्षभराच्या कामास तापकाचा उतार तितकाच ठेवतात. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य माध्यान्हीही क्षितिजापासून केवळ ४१ अंश वर येतो. म्हणून हिवाळ्यासाठी तापक सुमारे १५ अंशांनी अधिक उभा करावा.

६. चालविण्याचे नियम

पौषातील दाट धुक्याच्या दिवसांत तापकास सर्वांत जास्त काम असते आणि ऊन सर्वांत कमी मिळते. तेव्हा अशा आठवड्यांत हट्ट न धरता तलाव बंद ठेवणेच शहाणपणाचे. ऑक्टोबर-नोव्हेंबर व फेब्रुवारी-मार्च हे महिने हाती लागले, तरी थोड्या खर्चात शिकण्याचा बराच काळ वाढतो. पाणी विनाकारण अधिक तापवू नये. स्पर्धांसाठीही २५ ते २८ अंश तापमान पुरते. दीर्घ सुटीत तापक बंद करावा. ‘पुन्हा तापविण्यास जास्त खर्च येतो’ ही समजूत चुकीची आहे, कारण गार पाण्यातून उष्णता कमीच जाते. सौर तापकातील पंप, पट्टाचे तापमान तलावाच्या पाण्याहून अधिक असेल तेव्हाच चालवावा. एरवी तोच तापक पाणी गार करू लागतो.

सारांश, उष्णता मिळविण्यापेक्षा ती राखणे स्वस्त असते. आधी झाकण, मग आडोसा, नंतर ऊन, आणि उरलेल्या गरजेपुरतेच यंत्र, असा क्रम पाळणाऱ्या शाळेस तलाव तापविणे ही चैन वाटणार नाही.

अभ्यास

१. पाण्याने भरलेली बादली तलावाच्या पायरीवर अर्धवट बुडवून ठेवा. आतील व बाहेरील पातळीवर खुणा करा. तापक व पंप बंद असताना एका दिवसानंतर दोन्ही पातळ्या किती उतरल्या ते मोजा. तलावाची पातळी बादलीपेक्षा अधिक उतरल्यास त्याचा अर्थ काय?

२. आपल्या गावाचा अक्षांश शोधून तापकाचा हिवाळ्यातील उतार ठरवा.

३. दोन सारख्या पातेल्यांत सारखेच कोमट पाणी घ्या व एकावर झाकण ठेवा. दर १० मिनिटांनी तापमान नोंदवून दोन्हींचे आलेख काढा.