कंपवात आणि मेंदूतील ग्राही

मेंदूतील दोन चेतापेशींमध्ये बहुतेक ठिकाणी अतिसूक्ष्म फट असते. एका पेशीतून स्रवणारे रासायनिक द्रव्य ही फट ओलांडून दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनाशी संलग्न होते व संदेश पोहोचतो. या प्रथिनास ‘ग्राही’ म्हणतात. कुलपास त्याचीच किल्ली लागावी, तसा ग्राहीस ठराविक घडणीचा रेणू लागतो.

लंडनचे वैद्यक जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये कंपवाताचे वर्णन केले. परंतु त्याचे रासायनिक मूळ उमगण्यास जवळजवळ दीड शतक लागले. १९५७ मध्ये स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनी सशांना सर्पगंधेपासून मिळणारे रेसर्पिन दिले. ससे निश्चल झाले; डोपा हे द्रव्य टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. १९६० मध्ये व्हिएन्ना येथे एरिंगर व हॉर्निकीविच यांना मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिनाची मोठी उणीव आढळली.

मग डोपामीनच का देऊ नये? कारण रक्त आणि मेंदू यांमधील अडसर ते ओलांडू शकत नाही. लेव्होडोपा मात्र आत शिरतो आणि तेथे त्याचे डोपामीन बनते. हेच द्रव्य १९३७ मध्ये भारतात खाजकुइलीच्या बियांतून वेगळे काढण्यात आले होते. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोत्झिआस यांनी डोपाची मात्रा हळूहळू वाढवीत नेली, तेव्हा जखडलेले रुग्ण हिंडूफिरू लागले.

रोग वाढतो तशा डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी घटत जातात. म्हणून ब्रोमोक्रिप्टिन, प्रामिपेक्झोल यांसारखी औषधे वापरण्यात आली. ती डोपामिनाचे सोंग घेऊन थेट ग्राहींवर कार्य करतात. परंतु असेच ग्राही मेंदूच्या इतर भागांतही असतात. त्यामुळे काहींना भास होतात, तर काहींना जुगाराचा अनावर मोह पडतो. उलटपक्षी, मनोविकारांवरील हॅलोपेरिडॉल हे ग्राही अडवून धरते, तेव्हा कंपवातासारखी लक्षणे दिसू शकतात.

यांपैकी कोणतेही औषध पेशींचा नाश थांबवीत असल्याचे सिद्ध झालेले नाही; ते लक्षणे सुसह्य करते. ते एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. रुग्णाच्या स्वभावात अचानक बदल दिसल्यास कुटुंबीयांनी त्याला दोष न देता वैद्यांस कळवावे; बदलाचे मूळ औषधात असू शकते.