कोंबडीचें खाद्य व औषधास न जुमानणारे जंतु

खुराड्यांतील दाण्याचा विषय वर्गांत क्वचितच निघतो. तथापि आजाऱ्याच्या उशाशीं ठेवलेल्या औषधाचा गुण कांहीं अंशीं त्या दाण्यावर अवलंबून असतो, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल.

कोंबड्यांच्या तयार खाद्यांत धान्य व पेंड यांबरोबर पुष्कळदां मासळीचें कूट असतें. तें शिजवून वाळवितांना त्यांतील जंतु बहुधा मरतात. परंतु पुढें तें ओलसर जागीं पडलें, अगर उंदरांची व पांखरांची विष्ठा त्यांत गेली, म्हणजे साल्मोनेला नांवाचे जंतु पुन्हां त्यांत शिरतात. माणसास त्यांपासून ताप, हगवण व ओकाऱ्या होतात. १९७० च्या सुमारास पेरू देशांतील असें कूट अमेरिका, इंग्लंड आदि देशांत कोंबड्यांस चारण्यांत आलें. त्यानंतर साल्मोनेला आगोना ही पूर्वीं विरळा असलेली जात तेथील रोग्यांत वारंवार आढळूं लागली.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. ऑरिओमायसिन हें औषध १९४८ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें दोनच वर्षांत असें दिसून आलें कीं, त्याचा अल्प अंश खाद्यांत घातल्यास पिलें लौकर वाढतात. थोड्या पैशांत अधिक वजन. मालकास आणखी काय पाहिजे? परंतु अल्प मात्रेनें दुबळे जंतु तेवढे मरतात, व औषध सोसणारे उरून त्यांचीच संतति माजते. शिवाय हा सोसण्याचा गुण एका जातीचा जंतु दुसऱ्या जातीस देऊं शकतो, हें जपानी शास्त्रज्ञांनीं १९५९ सालीं दाखवून दिलें.

डॉ. स्टुअर्ट लेव्ही यांनीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत एका शेतावर याची परीक्षा पाहिली. ती १९७६ सालीं प्रसिद्ध झाली. कांहीं कोंबड्यांस टेट्रासायक्लिन जातीचें औषध घातलेलें खाद्य दिलें, कांहींस साधें. आठवड्याभरांतच पहिल्या कोंबड्यांच्या आंतड्यांतील जवळजवळ सर्व जंतु त्या औषधास दाद देईनासे झाले. येथवर आश्चर्य नाहीं. पण पांच-सहा महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या पोटांतहि तसलेच जंतु पुष्कळ झाले. शेजाऱ्यांच्या पोटांत मात्र ते तितके नव्हते. खाद्य बंद केल्यावर सहा महिन्यांनीं बहुतेकांच्या पोटांतून ते दिसेनासे झाले, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट. मांस नीट शिजविल्यानें जंतु मरतात हें खरें. परंतु हात, सुरी व खुराड्याची धूळ कोणी शिजवीत नाहीं!

वाढीसाठीं अशीं औषधें खाद्यांत घालण्यास युरोपीय संघानें १ जानेवारी २००६ पासून बंदी केली. कोलिस्टिन हें औषध इतर उपाय हरल्यावर डॉक्टर अखेरीस वापरतात. तेंहि डुकरांस व कोंबड्यांस चारलें जात असे. त्यास न जुमानण्याचा, जंतूंमध्यें परस्पर पसरणारा गुण चीनमध्यें सांपडल्याचें २०१५ सालीं जाहीर झालें. भारत सरकारनें जुलै २०१९ मध्यें जनावरांच्या खाद्यांत व औषधांत कोलिस्टिन वापरण्यास मनाई केली.