‘एकतर्फी प्रेम’: एका शब्दाची उलटतपासणी

१२ फेब्रुवारी २०२२. सुरतजवळच्या पासोदरा भागात एकवीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीचा घरच्यांच्या डोळ्यांदेखत गळा चिरून खून झाला. मारणारा तरुण बरेच दिवस तिच्या मागे लागला होता. ५ मे २०२२ ला सुरतच्या सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. पासोदराच्या घटनेच्या दोनच दिवस आधी, १० फेब्रुवारीला, हिंगणघाटच्या खटल्यात जन्मठेपेची शिक्षा झाली होती. तिथे २०२० मध्ये एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेट्रोल टाकून पेटवलं होतं.

दोन्ही वेळी बातम्यांत एकच शब्द होता: ‘एकतर्फी प्रेम’. गुजरातीतही हाच. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला तो खटकतो. ‘एकतर्फी’ म्हटलं, तरी वाचणाऱ्याच्या मनात राहतं ते ‘प्रेम’च. मारणारा बिचारा प्रेमी होतो आणि मुलीचा नकार हे भांडणाचं कारण ठरतो.

कायद्याची भाषा जास्त स्वच्छ आहे. २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड आलं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम ७८ आहे. मुलीने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही एखादा पुरुष पुन्हा पुन्हा तिच्या मागे जात असेल, संपर्क साधत असेल, तर तो गुन्हा. ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणं, हाही गुन्हाच. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत. यात ‘प्रेम’ हा शब्दच नाही.

आता माझी चूक सांगते. बारावीत असताना क्लासमधल्या एकाने ‘नोट्स हव्यात’ म्हणून मैत्रिणीचा नंबर मागितला. तिला न विचारता मी दिला. मग रात्री-अपरात्री मेसेज सुरू झाले. ब्लॉक केलं की नवं अकाउंट. ती रडवेली होऊन माझ्याकडे आली, तर मी म्हटलं, “अगं, दुर्लक्ष कर, कंटाळेल तो.” तो कंटाळला नाही. तिनेच क्लास सोडला. तिचं वर्ष कसंबसं निघालं. मी तिची माफी मागितली, पण खूप उशिरा.

म्हणून तीन गोष्टी. कुणाचाही नंबर तिला विचारल्याशिवाय देऊ नका. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा. गुजरातमध्ये १८१ ही ‘अभयम’ महिला हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा. आणि मुलांनो, मित्र कुणाच्या मागे लागला असेल तर “लगे रहो” म्हणू नका. “ती नाही म्हणाली ना? मग संपलं,” एवढंच सांगा. हे त्याला पोलिसांच्या आधी तुम्हीच सांगू शकता.