त्यांचं पुस्तक त्यांनाच निवडू द्या

आईबाबांनो, तुमच्यापैकी बरेच जण भेटलात की एकच गोष्ट सांगता. घरात पुस्तकं आहेत, वाढदिवसाला आम्ही आवर्जून पुस्तकंच देतो, तरी मूल वाचत नाही. तुमची तळमळ खरी आहे, म्हणूनच आज थोडं मोकळेपणाने बोलते. आणखी पुस्तकं विकत घ्या, असं मी सांगणार नाही. तुमच्या गावातल्या वाचनालयाचे सभासद व्हा आणि मुलांना तिथे घेऊन जा, एवढंच माझं मागणं आहे.

विकत आणलेल्या पुस्तकाची किंमत आपल्या डोक्यातून जात नाही. मुलाने सहा पानं वाचून ते बाजूला ठेवलं की आपण लगेच म्हणतो, "अरे, निदान पूर्ण तरी कर!" तिथून वाचनाला गृहपाठाची कळा येते. वाचनालयातलं पुस्तक नाही आवडलं, तर परत करायचं आणि दुसरं आणायचं. आपण मोठी माणसं कंटाळवाणं पुस्तक अर्ध्यावर सोडतोच ना? मग मुलांनाही सोडू द्या. सोडता सोडताच त्यांना आपल्याला काय आवडतं ते कळत जातं. ही मुभा द्यायला वाचनालयासारखी दुसरी जागा नाही.

शनिवारी संध्याकाळी मी आमच्या वाचनालयाच्या बालविभागात मदतीला बसते. मुलं कपाटाकडे धावतात, खाली बसकण मारतात, चार पुस्तकं काढतात, तीन परत खुपसतात, तीही भलत्याच जागी. मला ते पाहायला फार आवडतं. पण एखादी आई मागून येते आणि म्हणते, "हे नको, यात नुसती चित्रं आहेत. सामान्यज्ञानाचं घे." किंवा, "परत डायनासोर? मागच्या वेळी हेच नेलं होतंस!" मुलाचा हात कपाटावरून हळूच खाली येतो. आईचा हेतू वाईट नसतो. पण तेच पुस्तक पुन्हा मागणारं मूल वेळ वाया घालवत नसतं. आधी चित्रं पाहून झालेली असतात, आता ते चित्रांखालच्या ओळी वाचत असतं. त्याला नेऊ द्या. तुम्हाला वाटतं ते पुस्तक तुमच्या स्वतःच्या कार्डावर घ्या आणि घरी टेबलावर ठेवून द्या. मग ते वाच म्हणून सांगू नका.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या आईबाबांशी मला थोडं जास्त बोलायचं आहे. तुमची नऊ-दहा वर्षांची मुलगी इंग्रजीत जाड पुस्तक वाचते आणि मराठीत जोडाक्षर आलं की अडखळते. मोठ्याने वाचायला सांगितलं की तिला लाज वाटते, आणि लाज वाटली की ती मराठी पुस्तकापासून लांब जाते. अशा मुलीला वयाप्रमाणे पुस्तक द्यायचा आग्रह नको. माधुरी पुरंदरे यांची मोठ्या अक्षरांची, सुंदर चित्रांची पुस्तकं लहानांसाठी म्हणून ओळखली जातात. ती तिने खुशाल वाचावीत. चूक झाली की लगेच दुरुस्त करू नका, गोष्ट पुढे जाऊ द्या. मग कधीतरी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तिच्या हाती लागेल. वाचनालयात अशी सोपी, पातळ पुस्तकं एकदम दहा-बारा चाळता येतात. दुकानातून तेवढी आणणं किती घरांना परवडेल?

पुस्तकं सगळ्यांच्या आवाक्यात हवीत, हे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी फार लवकर ओळखलं होतं. 1906 मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पण शाळा सुटल्यावर हाती पुस्तक पडलं नाही, तर शिकलेली अक्षरंही विसरली जातात, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून 1910 पासून त्यांनी ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. जिथे ग्रंथालय नव्हतं, तिथे पुस्तकांनी भरलेल्या पेट्या पाठवल्या. शाळा वाचायला शिकवते, पण वाचत राहण्यासाठी दुसरी सोय लागते, हे त्यांना उमगलं होतं.

आपल्याकडे ती सोय फार जुनी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं. पुढे 1967 मध्ये महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना शासनाचं अनुदान मिळू लागलं. म्हणजे तुमच्या जवळपास वाचनालय असण्याची शक्यता बरीच आहे. कदाचित बाजारपेठेतल्या एखाद्या जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. वेळ मात्र आधी विचारून घ्या, कारण पुष्कळ वाचनालयं दुपारी बंद असतात. बालविभागाची वर्गणी सहसा अगदी थोडी असते आणि अनामत रक्कम सभासदत्व सोडताना परत मिळते. दिवाळीत बहुतेक ठिकाणी दिवाळी अंकांची योजना असते. थोडक्या पैशांत घरातल्या सगळ्यांना महिनोन् महिने अंक वाचता येतात. नव्याने सभासद व्हायला तो काळ फार छान.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. आज अनेक वाचनालयांच्या अभ्यासिका स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींनी भरलेल्या असतात. ती मुलं कष्ट करतात आणि त्यांना शांत जागा मिळायलाच हवी. पण बाजूच्या देवघेव विभागात शुकशुकाट असतो. वाचनालय म्हणजे परीक्षेची जागा, असं मुलांच्या मनात बसलं, तर गोष्टीच्या पुस्तकासाठी ती तिथे पाऊल ठेवणार नाहीत. म्हणून तुम्ही स्वतः पुस्तक बदलायला जाताना मुलांना दिसलं पाहिजे.

"आमच्या वाचनालयात मुलांसाठी काहीच नाही," असंही तुम्ही म्हणाल. पुष्कळ ठिकाणी ते खरं आहे. मुलं येत नाहीत म्हणून बालपुस्तकं घेतली जात नाहीत, आणि पुस्तकं नाहीत म्हणून मुलं येत नाहीत. हा पेच ग्रंथपाल एकटे सोडवू शकत नाहीत. त्यांचा पगार तुटपुंजा असतो आणि खरेदीची रक्कम मर्यादित. वाचनालयाचा दर्जा ठरवताना सभासदसंख्या पाहिली जाते आणि दर्जाप्रमाणे अनुदान मिळतं. त्यामुळे तुमच्या एका कुटुंबाच्या वर्गणीलाही मोल आहे. शेजारपाजारची चार-पाच कुटुंबं मिळून सभासद व्हा. हवी ती पुस्तकं मागणीच्या वहीत लिहा, मुलांनाही त्यांच्या हाताने लिहू द्या. आणि सभासद झालात की वार्षिक सर्वसाधारण सभेला जरूर जा. तिथे सहसा मोजकी ज्येष्ठ मंडळी असतात, तरुण आईबाबा दिसले की त्यांना आनंदच होतो. उभे राहा आणि बालविभागासाठी एक वेगळं कपाट मागा, मुलांचा हात पोचेल एवढ्याच उंचीचं.