एच.आय.व्ही. बाधित रुग्ण आणि त्रिविध परीक्षा

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही वाग्भटाचार्यांनी सांगितलेली त्रिविध परीक्षा आपल्या चिकित्सेचा पाया आहे. एच.आय.व्ही. बाधित रुग्णाच्या बाबतीत वैद्याच्या भीतीमुळे स्पर्शन टळते आणि कलंकाच्या धास्तीमुळे प्रश्नाचे खरे उत्तर मिळत नाही. उरते ते केवळ दर्शन. आणि तेवढ्यावर केलेली चिकित्सा अपायकारक ठरू शकते. या दृष्टीने प्रस्तुत विषयाचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

२०२१ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार महाराष्ट्रात सुमारे ४ लाख व्यक्ती एच.आय.व्ही. बाधित होत्या. शासनाची मोफत ए.आर.टी. औषधयोजना १ एप्रिल २००४ पासून सुरू आहे. नागपुरात ‘मेडिकल’च्या केंद्रातून ही औषधे घेणारा रुग्ण अग्निमांद्य, पांडू वा त्वचाविकारासाठी आपल्याकडेही येऊ शकतो. मात्र ‘सांगितले तर दारातूनच परत पाठवतील’ या विचाराने तो मूळ व्याधी लपवतो.

प्रथम स्पर्शनाविषयी. नाडीपरीक्षा, अभ्यंग, एकत्र भोजन वा डासाचा दंश यांमुळे हा विषाणू पसरत नाही. बाधित रक्त, असुरक्षित शरीरसंबंध आणि बाधित मातेकडून अपत्यास, हे त्याचे मार्ग होत. बाधित रक्त असलेली सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता हजारात सुमारे ३ असते. रक्तमोक्षण वा सिरावेध करताना हातमोजे, निर्जंतुक उपकरणे व एकदाच वापरावयाची सुई हे नियम प्रत्येक रुग्णासाठी पाळावेत. एका रुग्णास लावलेली जळू दुसऱ्यास लावू नये. अनेक बाधितांना स्वतःचीच बाधा ठाऊक नसते. म्हणून केसपेपरवर तांबडी खूण करणे किंवा वेगळी खाट देणे याने संरक्षण होत नाही, केवळ अपमान होतो. सुई टोचलीच, तर जखम साबण-पाण्याने धुऊन शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत, प्रतिबंधक औषध सुरू करावे. ते २८ दिवस घ्यावे लागते.

प्रश्नपरीक्षा बिघडल्याने होणारी हानी अधिक सूक्ष्म आहे. सध्याच्या राष्ट्रीय उपचारक्रमात डॉल्युटेग्रॅव्हिर हे प्रमुख औषध आहे. लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम वा जस्त आतड्यात त्याच्याशी बद्ध होऊन त्याचे शोषण घटवतात. मंडूर, लोहभस्म, शंखभस्म, प्रवाळ हे कल्प लोह वा कॅल्शियमयुक्त आहेत, हे आपण जाणतोच. रुग्णाने ए.आर.टी. लपवली आणि आपण पांडूसाठी लोहकल्प दिला, तर दोघांच्याही नकळत मुख्य औषधाचे बळ कमी होण्याचा संभव आहे. अशा कल्पांपूर्वी किमान २ तास अथवा नंतर ६ तासांनी डॉल्युटेग्रॅव्हिर घ्यावे, हा सर्वसाधारण दंडक आहे, तरीही ए.आर.टी. केंद्रातील चिकित्सकांचा सल्ला आवश्यक समजावा. ए.आर.टी. बंद करण्यास कधीही सांगू नये. हा रोग समूळ बरा करणारे औषध आज सर्वसामान्य उपचारात उपलब्ध नाही. नियमित उपचाराने मात्र रुग्ण दीर्घायुष्य जगतो, आणि रक्तातील विषाणू मोजण्याइतकाही न उरल्यास शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही.

कायद्यानेही ही बाजू स्पष्ट केली आहे. केवळ बाधेच्या कारणावरून, काम करण्यास सक्षम असलेल्या व्यक्तीस रोजगार नाकारता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या केंद्रीय कायद्यान्वये उपचार नाकारणे हा भेदभाव ठरतो. तसेच सामान्यतः संमतीविना चाचणी करणे वा बाधेची माहिती उघड करणे निषिद्ध आहे. आपल्या परंपरेस हे नवीन नाही. रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर बोलू नये, ही आज्ञा चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायातच आहे.

औषधालयाच्या मालकांसही हे तितकेच लागू आहे. इतरांसमोर चिठ्ठी मोठ्याने वाचू नये आणि ‘हे कशासाठी?’ असे गिऱ्हाइकास विचारू नये. नोकरांनाही तशी ताकीद द्यावी.

यासाठी आमची एक सूचना आहे. ‘दुसरीकडचे कोणते औषध चालू आहे का? येथे सांगितलेले बाहेर जाणार नाही,’ हे दोन वाक्य प्रत्येक रुग्णास, दार लावून, एकाच स्वरात सांगावेत. सर्वांनाच विचारल्याने कोणा एकावर संशय राहत नाही, आणि ज्याला सांगावयाचे आहे त्याला वाट मिळते.